मुलाचं पेंटाकॅम पण झालं, ओसीटी पण झाला, जाडी वेगवेगळी आली, आता खरं कुठलं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं की मुलगा १७ वर्षांचा, दीड-दोन वर्षात सिलिंडर नंबर (चष्म्यातला तिरपा नंबर) तीनदा बदलला, नवीन चष्मा लावूनही उजव्या डोळ्याला खालच्या ओळी येत नाहीत, सोलापुरातच एका ठिकाणी पेंटाकॅम केलं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराचा नकाशा काढणारा स्कॅन, मग दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी सांगितला, म्हणजे उजेडाने आतले थर दाखवणारा स्कॅन, एका कागदावर त्या थराची जाडी ४६८ मायक्रॉन आणि दुसऱ्यावर ४८१, नकाशात लाल डाग दिसतोय, आणि घरात सगळे धास्तावलेत की किरण किती लागले, दोन-दोनदा कशाला केलं, आणि धाकट्या मुलीचंही करायचं का. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण हे दोन्ही स्कॅन काढण्यातच माझी नोकरीची बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे मशीन काय बघतं आणि काय बघत नाही हे सांगू शकते. ट्रीटमेंट काय करायची ते तुमचे डॉक्टरच ठरवणार.

पहिलं किरणांचं मिटवून टाकते. एक्स-रे नाही, सीटी नाही, एमआरआयसारखा बोगदा पण नाही. दोन्ही मशीनमध्ये फक्त उजेड वापरतात, एकात निळा एलईडी आणि दुसऱ्यात डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, तोही ठरवून दिलेल्या सुरक्षित मर्यादेत. डोळ्याला काही टेकत नाही, सुई नाही, भूल नाही, हनुवटी ठेवायची, कपाळ टेकवायचं, समोरच्या खुणेकडे बघायचं, सांगितलं की पापणी मिटायची नाही, झालं. त्यामुळे दोनदा काय चारदा केलं तरी डोळ्याचं नुकसान नाही, खिशाचं होतं तेवढंच.

आता मोजायचं काय असतं ते बघा. बुबुळावर जो पारदर्शक थर असतो तो कॉर्निया, मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरासा जास्त, आणि रुंदीला साडेअकरा-बारा मिलिमीटर. एवढासा दिसतो पण डोळ्याची किरण वाकवायची जी एकूण ताकद आहे, साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक), त्यातली दोन तृतीयांश याचीच. म्हणून त्याचा आकार किंचित जरी बिघडला तरी नंबर उड्या मारतो, आणि बिघाड वेडावाकडा असला की चष्म्याने पूर्ण भरून निघत नाही, कारण चष्म्याचा सिलिंडर सरळ एका अक्षावर बसतो आणि तुमच्या मुलाचा कॉर्निया बहुतेक खालच्या बाजूला एकाच ठिकाणी फुगायला लागलाय. म्हणजे केराटोकोनसची शंका. डॉक्टरांनी हा शब्द तुमच्यासमोर उच्चारला असेल नसेल माहीत नाही, पण १७ वर्षं, वाढता सिलिंडर, चष्म्याने न भागणारी नजर आणि लाल डाग, हे सगळं एकत्र दिसलं की मशीनवर बसलेल्या कुणाच्याही मनात पहिलं तेच येतं.

जुनी पद्धत म्हणजे केराटोमीटर, ते अजून प्रत्येक दवाखान्यात आहे आणि वाईट अजिबात नाही, पण ते मधल्या तीनेक मिलिमीटरचंच वळण मोजतं. मग आली पांढऱ्या-काळ्या गोल वर्तुळांची तबकडी, प्लासिडो नावाच्या पोर्तुगीज डॉक्टरची, १८८० च्या सुमाराची, तिचं प्रतिबिंब डोळ्यावर पाडायचं आणि वर्तुळं कुठे चेपलीत ते बघायचं. आज कॉम्प्युटरवर चालणारी टोपोग्राफी मशीन असतात ना, त्यातली बरीच याच तत्त्वावर आहेत. यात अडचण अशी की प्रतिबिंब पडतं ते अश्रूंच्या थरावरून, म्हणजे कॉर्नियाची फक्त पुढची बाजू कळते. मागची बाजू कशी आहे, मध्ये जाडी किती आहे, हे त्यातून कळूच शकत नाही, आणि केराटोकोनस बऱ्याचदा मागच्या बाजूला आधी दिसायला लागतो. तिथून पुढे आला तीन मितींचा स्कॅन.

पेंटाकॅम हे जर्मनीतल्या ओक्युलस कंपनीचं मशीन, आपल्याकडे नाव इतकं रुळलंय की दुसऱ्या कंपनीचं असलं तरी पेशंट पेंटाकॅमच म्हणतात. त्याच्या आत जे तत्त्व आहे ते डोळ्यासाठी शोधलेलंच नव्हतं. थिओडोर शाइम्पफ्लुग नावाचा ऑस्ट्रियन सैन्यातला अधिकारी, त्याला हवेतून जमिनीचे काढलेले तिरके फोटो सरळ करून नकाशे बनवायचे होते, १९०४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. साध्या कॅमेऱ्याने तिरक्या वस्तूचा फोटो काढला तर एक टोक शार्प येतं आणि दुसरं धूसर. पण लेन्स आणि फोटो जिथे उमटतो तो पृष्ठभाग असे तिरके केले की वस्तूसकट तिन्ही प्रतलं एकाच रेषेवर भेटतात, तर सगळीच वस्तू शार्प येते. डोळ्यात निळ्या उजेडाची बारीक फट टाकायची आणि बाजूने असा तिरका कॅमेरा लावायचा, म्हणजे कॉर्नियाच्या पुढच्या कडेपासून आतल्या लेन्सपर्यंत सगळा काप एका फोटोत स्पष्ट. मग ती फट आणि कॅमेरा मिळून गोल फिरतात, दोनेक सेकंदात २५ किंवा ५० फोटो, मुलाला जी निळी रेघ फिरताना दिसली असेल ती हीच. त्या फोटोंवरून पुढचा पृष्ठभाग, मागचा पृष्ठभाग, जाडी, पुढच्या कप्प्याची खोली, सगळं काढतात.

ओसीटीचा मामला वेगळा. तिथे फोटो नाही, उजेडाचा प्रतिध्वनी म्हणा. उजेड डोळ्यात पाठवायचा, थराथरावरून परत येतो, कुठला थर किती खोल ते परत यायला लागलेल्या वेळेवरून काढायचं. पण एक मायक्रॉन पार करायला उजेडाला तीनेक फेमटोसेकंद लागतात, ते मोजणारं घड्याळच नाही, म्हणून उजेडाचे दोन वाटे करतात, एक डोळ्यात आणि एक आरशावर, दोन्ही परत आले की एकमेकांत मिसळवतात आणि त्या मिसळण्यातून अंतर काढतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या फुजिमोटो, हुआंग, स्वॉन्सन वगैरे मंडळींनी हे पहिल्यांदा सायन्स मासिकात छापलं, तेव्हा सगळा भर रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर होता, डोळ्याच्या पुढच्या भागाचं काम १९९४ ला आलं. या तिघांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, मेडिकलमध्ये तो फार मोठा मानतात. रेटिनाचा ओसीटी तुमच्या घरात कुणाला शुगर असेल तर ऐकला असेल, तोच हा, फक्त पुढच्या भागासाठी.

पुढच्या भागासाठी खास बनवलेल्या बऱ्याच मशीनमध्ये १३१० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड वापरतात आणि त्याला कारण आहे. या लांबीचा उजेड पाणी शोषून घेतं, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पाण्यातच तो बराचसा संपतो, मागच्या पडद्यापर्यंत फार थोडा पोचतो, म्हणून जरा जोरात सोडता येतो. शिवाय पांढऱ्या भागातून आणि डाग पडलेल्या कॉर्नियातून तो कमी विखुरतो. निळ्या उजेडाचं इथेच अडतं, कॉर्नियावर जाड पांढरा डाग असला की निळा उजेड तिथेच पसरतो आणि मशीन डागाच्या कडेलाच कॉर्नियाची कड समजून बसतं, जाडी भलतीच येते.

तीन मिती म्हणतो खरं, पण एक गोष्ट सांगते जी पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. दोन्हीपैकी कुठलंच मशीन अख्खा कॉर्निया एकदम टिपत नाही. काप घेतं, मधल्या बिंदूतून जाणारे, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. मध्यभागी आऱ्या दाटीने असतात, कडेला दोन आऱ्यांत बरीच मोकळी जागा, आणि ती मोकळी जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. त्यामुळे मधल्या भागातल्या आकड्यावर माझा जेवढा विश्वास तेवढा अगदी कडेच्या आकड्यावर नाही, आणि कडेला अचानक एखादा लाल ठिपका आला तर मी आधी पापणीची सावली पडली का, डोळा हलला का, हेच बघते. डोळा एका जागी स्थिर कधीच नसतो, आपण कितीही टक लावली तरी बारीक थरथर चालू असते, म्हणून मशीनचा वेग महत्त्वाचा. सुरुवातीचे पुढच्या भागाचे ओसीटी सेकंदाला दोनेक हजार रेषा घ्यायचे, नंतरचे नव्या तंत्राचे तीस हजार आणि त्याहून जास्त, म्हणजे डोळा हलायच्या आत काम उरकतं.

त्यात अजून एक हिशोब. उजेड कॉर्नियात शिरला की त्याचा वेग कमी होतो आणि तो वाकतोही. त्यामुळे मशीनला जे दिसतं ते वाकडं दिसतं, मागचा पृष्ठभाग खऱ्या जागी दिसतच नाही, गणित करून तो सरळ करावा लागतो. प्रत्येक कंपनीचं गणित थोडं वेगळं, कड कुठे धरायची त्याचा नियम वेगळा. पूर्वी ऑर्बस्कॅन नावाचं मशीन होतं, त्याचे जाडीचे आकडे सोनोग्राफीच्या पेनाने मोजलेल्या जाडीशी जुळावेत म्हणून ०.९२ ने गुणून घ्यायचे! यावरूनच काय ते समजा.

म्हणजे तुमच्या ४६८ आणि ४८१ चं उत्तर आलंच यात, पण अजून एक शंका आहे मला. पेंटाकॅमच्या कागदावर डाव्या बाजूला जाडीच्या तीन ओळी असतात, एक बाहुलीच्या मध्याची, एक कॉर्नियाच्या शिखराची, एक सगळ्यात पातळ जागेची. चांगल्या डोळ्यात तिन्ही जवळजवळ असतात, केराटोकोनसमध्ये पातळ जागा खाली आणि कानाच्या बाजूला सरकते आणि आकडे फाकतात. आणि ओसीटीच्या कागदावर ठळक छापतात ती बऱ्याचदा मधल्या दोन मिलिमीटरची सरासरी असते. तुम्ही एकावरची सगळ्यात पातळ जागा आणि दुसऱ्यावरचा मध्य असं तर नाही ना बघितलं? माझ्याकडे असे दोन कागद घेऊन भांडायला आलेले लोक नेहमी येतात, नीट बघितलं की निम्म्या वेळा हाच घोळ निघतो. आणि खरोखर एकाच जागेचे दोन आकडे असले तरी १३ मायक्रॉनचा फरक दोन वेगळ्या मशीनमध्ये येऊ शकतो, त्यात ना पेंटाकॅमवाल्याने फसवलं ना ओसीटीवाल्याने. वेळेचा पण फरक पडतो. रात्रभर पापणी मिटलेली असते, कॉर्निया थोडा सुजतो, सकाळी उठल्या उठल्या तीन-चार टक्के जाड असतो, पहिल्या काही तासात उतरतो. म्हणून सकाळी एसटीत झोपून थेट आमच्याकडे उतरलेल्या पेशंटला मी जरा बसवते.

यातून एकच काम करा, पुढचा स्कॅन त्याच मशीनवर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला करा. रोग वाढतोय की थांबलाय हे एका स्कॅनवरून कळत नाही, दोन स्कॅनच्या फरकावरून कळतं, आणि मशीन बदललं की तो फरक रोगाचा का मशीनचा हे कुणालाच सांगता येत नाही. अगदी मुंबई-पुण्याला दाखवायला गेलात तरी तिथे नव्याने काढला तो वेगळा हिशोब, इथला इथल्याशी जोडायचा.

आता लाल डाग. रंग हे मशीनला दिसत नाहीत, आकड्यांना सॉफ्टवेअर रंग देतं. लाल म्हणजे जास्त वक्र, किंवा जास्त वर आलेला, किंवा जाडीच्या नकाशात जास्त पातळ. पण किती डायॉप्टरला एक रंग बदलायचा हे सेटिंगवर असतं. पायरी बारीक ठेवली तर धडधाकट डोळा पण होळीसारखा रंगतो आणि मोठी ठेवली तर खरा रोग हिरव्यात लपतो. म्हणून बाजूची रंगपट्टी बघितल्याशिवाय नकाशा बघू नये, आणि व्हॉट्सॲपवर अर्धा कापलेला फोटो पाठवून ‘काय वाटतं’ विचारू नये, खरंच सांगता येत नाही.

मी स्वतः चार गोष्टी क्रमाने बघते. सगळ्यात आधी स्कॅनची क्वालिटी, पेंटाकॅमच्या कागदावर क्यूएस लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे ओके आहे का. ते ओके नसेल तर बाकी कागद वाचायचाच नाही, परत काढायचा. मग पुढच्या बाजूचं वळण, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा सारखा आहे का. मग मागच्या बाजूची उंची, म्हणजे आदर्श गोलापेक्षा किती मायक्रॉन वर उठलाय. मग जाडी, नुसती किती ते नाही, मध्यापासून कडेकडे किती झपाट्याने वाढते ते. आणि खरी खूण अशी की सगळ्यात वक्र, मागून सगळ्यात उठलेली आणि सगळ्यात पातळ जागा एकाच ठिकाणी येतात. तिन्ही एकावर एक बसले तर शंका पक्की होत जाते, एकटा पुढचा नकाशा लाल आणि मागचा शांत असेल तर मी आधी कॉन्टॅक्ट लेन्स आणि कोरडेपणाबद्दल विचारते. बेलिन-अँब्रोसिओ नावाचा एक पानभर रिपोर्ट असतो, खाली डी म्हणून एक आकडा येतो, साधारण १.६ च्या पुढे पिवळा आणि २.६ च्या पुढे लाल होतो. तो सगळ्याचा गोषवारा म्हणून उपयोगी आहे पण केवळ डी बघून कुणी निर्णय सांगत असेल तर मला पटत नाही.

मग ओसीटी कशाला सांगितला? माझ्या मते डॉक्टरांनी बरोबर सांगितला. कॉर्नियाच्या सगळ्यात वरचं कातडं, एपिथेलियम, साधारण ५० मायक्रॉनचं, ते फार चलाख आहे. खाली टेंगूळ आलं की ते टेंगळावर पातळ होतं आणि आजूबाजूला जाड होतं, म्हणजे खड्डा-उंचवटा वरून लिंपून घेतं. त्यामुळे सुरुवातीच्या केराटोकोनसमध्ये पुढची बाजू बऱ्यापैकी साधी दिसू शकते. चांगला ओसीटी पाचेक मायक्रॉनपर्यंतचा फरक ओळखतो, तो हे कातडं वेगळं मोजून त्याचा नकाशा देतो, पेंटाकॅमला ते जमत नाही. उलट कोरडेपणामुळे किंवा लेन्समुळे नकाशा वाकडा आला असेल तर हा पातळ-जाडचा नमुना तसा येत नाही. म्हणजे पेंटाकॅमने शंका काढली आणि ओसीटीने ती खरी का खोटी ते तपासलं. तुमच्या फाईलमध्ये एपिथेलियमच्या नकाशाचं पान आहे का बघा, नसेल तर मागून घ्या.

स्कॅन चांगला यायला पेशंटकडून पण काही लागतं आणि आपल्या गावात ते जास्तच लागतं. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू, कोरडी हवा, धूळ, घरात नाहीतर शेजारी यंत्रमागाचा तंतू उडतोय, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत चार दिवस फिरून आलेली पोरं तर डोळे लालभडक करूनच येतात. ॲलर्जीची खाज असलेली मुलं आपल्याकडे भरपूर, आणि ती डोळे चोळतात, बोटाच्या पेरांनी, मुठीने, जीव जाईस्तोवर. डोळे चोळणं आणि केराटोकोनस यांचा संबंध आता पक्का मानतात. स्कॅनच्या रांगेत बसून सुद्धा चोळत असतात आणि मग नकाशा डगमगतो. अश्रूंचा थर फुटला की पुढच्या बाजूवर खोटे डाग येतात, म्हणून स्कॅनच्या आधी दोन-तीनदा पापणी मिटायला सांगतो, मग लगेच टिपतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालायच्या आधी, आणि प्रेशर मोजायला डोळ्याला काही टेकवायच्या आधी हा स्कॅन झालेला बरा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर आणि कडक लेन्स दोन-तीन आठवडे काढून ठेवायला सांगतात, कारण लेन्सने कॉर्निया दाबला जातो आणि तो पूर्ववत व्हायला वेळ घेतो.

हे सांगितलं की सगळ्यात जास्त वाद घालतात ती भरतीवाली मुलं. पोलीस भरती, आर्मी भरती, फॉर्मची तारीख जवळ आली की चष्मा काढायचाय, आजच स्कॅन करा, उद्या लेसर करा. लेन्स सकाळीच काढलेली असते आणि सांगतात पंधरा दिवस झाले. अरे बाबा, लेसरमध्ये कॉर्निया घासूनच कमी करतात, एका नंबरला साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन, आणि खाली २५० ते ३०० मायक्रॉन तरी शाबूत राहायला हवा. ज्याच्यात केराटोकोनस लपून बसलाय त्याच्यावर लॅसिक, म्हणजे हेच चष्मा घालवायचं लेसर, केलं तर कॉर्निया नंतर फुगायला लागतो, १९९८ मध्येच सायलर या डॉक्टरांनी असे पेशंट नोंदवून ठेवलेत. या स्कॅनचा मला सगळ्यात मोठा उपयोग कुठला वाटतो तर ‘तुला लेसर नाही जमणार’ हे वेळेत सांगता येणं. तुमचा मुलगा भरतीच्या तयारीत असेल तर त्याला हे आत्ताच सांगा, कुणी स्वस्तात करून देतो म्हणालं तरी नाही.

हा आजार आपल्याकडे दुर्मिळ नाही हे पण सांगते, म्हणजे आपल्याच नशिबी आलं असं वाटायला नको. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये एक मोठी पाहणी झाली होती, सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी, २००९ मध्ये छापून आली, तीस वर्षांवरच्या लोकांत २.३ टक्के प्रमाण सापडलं. आता त्यात त्यांनी वळण ४८ डायॉप्टर किंवा जास्त एवढीच अट धरली होती, मागची बाजू बघितलेली नव्हती, त्यामुळे त्या आकड्यावर वाद घालता येतो, घालतातही. पण मशीनवर बसून मला तो फार फुगवलेला वाटत नाही.

ट्रीटमेंटचं थोडंसंच बोलते. वाढतोय असं दिसलं तर सीथ्रीआर करतात, रायबोफ्लेविनचे थेंब आणि अल्ट्राव्हायोलेट उजेड, म्हणजे कॉर्निया ताठ होतो आणि वाढ थांबते, जर्मनीत ड्रेस्डेनला याची सुरुवात झाली, पहिला मोठा रिपोर्ट २००३ चा. नंबर जाण्यासाठी नाही, आहे तिथे थांबवण्यासाठी, हे डोक्यात पक्कं ठेवा कारण नंतर ‘ऑपरेशन करून पण चष्मा गेला नाही’ म्हणून नाराज होणारे बरेच बघितलेत. मूळ पद्धतीत वरचं कातडं काढल्यावर ४०० मायक्रॉन जाडी उरायला लागते, ४६८ मधून ५० गेले तर ४१८, म्हणजे मुलाच्या डोळ्यात अजून जागा आहे, पण भरपूर नाही. तुम्हाला कुठला आकडा खरा याची काळजी वाटते ना, तर इथे डॉक्टर जो कमी आहे तोच धरून चालतील. साधारण वर्षात सगळ्यात उंच वळणाचा आकडा, केमॅक्स, एक डायॉप्टरने वाढला तर वाढ धरतात. पण १७ वर्षांच्या मुलात काही डॉक्टर वर्षभर थांबत नाहीत, तीन-चार महिन्यांनीच परत बघतात, कारण या वयात तो भरभर पळतो. तीन-चार महिने म्हणाले तर तेवढेच, पुढच्या दिवाळीला बघू असं नको.

बाकी हा पुढच्या भागाचा ओसीटी काय फक्त या आजारासाठी नाही. उसाचं पातं नाहीतर कडब्याची काडी लागून डोळ्यात फूल पडलेले शेतकरी माढा, पंढरपूर, मोहोळकडून येतात, तिथे डाग किती खोल गेलाय ते बघून कॉर्नियाचे वरचे थर बदलायचे का पूर्ण बदलायचा हे ठरवतात. काही टेकत नसल्यामुळे नाजूक, पातळ पडलेल्या डोळ्यावर पण काढता येतो. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोपरा उघडा आहे का बंद तेही यात दिसतं, आणि इन्फ्रारेड दिसत नसल्यामुळे अंधारात बाहुली आपली मोठी असतानाच बघता येतं, टॉर्च मारला की बाहुली आकसते आणि कोपरा उघडल्यासारखा दिसतो. तरी तिथे डॉक्टर भिंगाची लेन्स डोळ्याला टेकवून स्वतः कोपरा बघतात ते काही सुटलेलं नाही आणि सुटू नये, ओसीटी जरा जास्तच कोपरे बंद दाखवतो. आणि बुबुळाच्या मागे याला काही दिसत नाही, तिथला काळा रंग उजेड अडवतो. तिथलं बघायचं तर यूबीएम, म्हणजे बारीक सोनोग्राफी, पण त्यात पाणी भरलेली वाटी डोळ्यावर टेकवावी लागते.

आता तुमचं पुढचं काम. दोन्ही ठिकाणाहून कागदच नाही तर पूर्ण पीडीएफ मागा, दोन्ही डोळ्यांचा, कारण डावा डोळा आज चांगला दिसत असला तरी हा आजार बहुतेकदा दोन्हीकडे असतो, एकीकडे मागेपुढे. जुने चष्म्याचे नंबरचे कागद असतील ते टाकू नका, तारखेसकट फाईलला लावा, डॉक्टरांना त्यातून पण वेग कळतो. खाजेसाठी औषध मागून घ्या, दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणून मनाने घालू नका, त्यातल्या काहीत स्टिरॉइड असतं.

आणि धाकटीचं, हो, करा. सख्ख्या भावंडांत शक्यता बाहेरच्यांपेक्षा जास्त असते. अगदी लहान असेल, टक लावून बसू शकत नसेल तर घाई नाही, आधी नंबर आणि साधी तपासणी करून घ्या, दहा-बाराच्या पुढे असेल तर एकदा पेंटाकॅम काढून ठेवा, नॉर्मल आला तरी तो कागद पुढे तुलनेला लागतो. भावाच्याच मशीनवर काढा, आणि ती डोळे चोळते का तेवढं आजपासून बघा, विशेष करून झोपताना आणि शाळेतून आल्यावर.